पहिल्या नंबरची ताटली

१

पुनम शुक्रवारी गेली आणि शनिवारी सकाळी लोकांनी चांदपाशाच्या मटणाच्या दुकानाचं दार मोडलं. आत हाताला कोणी लागलं नाही, म्हणून सुरे, तराजू, लाकडाचा ओंडका असं जे दिसलं ते गटारात फेकलं. चांदपाशा आणि त्याचा मुलगा यासेर तोवर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसले होते. कोणी म्हणत होतं, त्यांना वाचवायला आणलंय. कोणी म्हणत होतं, अटक झालीय. दोहोंतलं नेमकं काय ते फौजदार भोसग्यांनाही अजून ठरवता आलेलं नव्हतं.

ते ठरवण्यासाठीच त्यांनी डॉक्टर नीलम्मांना बोलावून घेतलं. नीलम्मा म्हणजे लातूरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टर. गावात त्यांना तोंडावर 'मॅडम' आणि पाठीमागे 'ढोरांची डॉक्टरीण' म्हणत. त्यांना दोन्ही ऐकू येत असे. वय पन्नाशीचं, अंग दणकट आणि तोंड त्याहून दणकट. लिंगायताच्या घरची बाई म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, म्हणून भावकीने त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं. बाईंनी भावकीच सोडली आणि भांडण मिटवलं.

फौजदारांनी थोडक्यात सांगितलं. पुनम बारावीची मुलगी, वीरण्णा सरांच्या क्लासची. मागच्या रविवारी क्लासमध्ये बकऱ्याचं हृदय कापून बघायचं प्रॅक्टिकल होतं. कापताना ब्लेड निसटलं आणि तिच्या बोटाला लागलं. मंगळवारी बोटावर फोड आला, गुरुवारी हात खांद्यापर्यंत सुजला, शुक्रवारी पोर संपली. हृदयं चांदपाशाच्या दुकानातून आलेली. म्हणजे मटण नासकं होतं. आता मॅडमनी दुकान बघून तसं लिहून दिलं की काम झालं.

"ताटल्या किती होत्या?" नीलम्मांनी विचारलं.

"वीस."

"आणि मेली एकटी पुनम. एका दुकानातलं, एका सकाळचं मटण माणूस निवडून नासत नाही, भोसगे."

फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मुलीचा बापही हेच म्हणतोय, ते म्हणाले. त्याच्या मते मटण नुसतं नासकं नव्हतं, तिला मुद्दाम तसलं दिलं. कारण वर्षभर क्लासात पहिला नंबर चांदपाशाच्या यासेरचा होता आणि त्याच रविवारी पुनमने तो हिसकावून घेतला होता.

म्हणजे आता गोष्ट नासक्या मटणाची राहिली नव्हती. खुनाची झाली होती.

२

भूकंपाला तीन वर्षं झाली होती. औसा-निलंग्याकडची पडलेली गावं पत्र्याच्या शेडांतून सिमेंटच्या नव्या घरांत गेली आणि उरलेले पत्रे लातुरात विकायला आले. त्या पत्र्यांखाली क्लास उघडले. कालपरवापर्यंत ज्या पत्र्यांखाली मोठी माणसं रडत होती, त्यांच्याखाली आता पोरं जीवशास्त्र घोकत होती आणि अधूनमधून रडतही होती. नांदेडहून, बीडहून, पार बिलोली-हदगावकडून आईबाप पोरं आणून सोडत. भावकीत एकाचं पोर डॉक्टरकीला लागलं की बाकीच्यांना घास गोड लागेनासा होई.

वीरण्णा सरांचा क्लास त्यातला नावाजलेला. कॉलेजात वर्षातून एकदा जे लांबून दाखवतात ते सर पोरांकडून दर रविवारी करून घेत. कधी बकऱ्याचे डोळे, कधी सायकलच्या पंपाने फुगवायची फुप्फुसं आणि महिन्यातून एकदा हृदय. हा सगळा माल चांदपाशा पुरवी. रविवार हा मटणाचा दिवस, त्यामुळे एका दुकानातून एवढी हृदयं निघायची ती रविवारीच. गिऱ्हाइकांच्या हातापाया पडून तो ती बाजूला काढी आणि त्याबदली सरांनी यासेरची फी माफ केली होती. सर स्वतः कट्टर शाकाहारी. मालाला त्यांनी जन्मात बोट लावलं नाही. नाकाला रुमाल धरून लांबूनच वेताच्या छडीने डावं-उजवं दाखवत. पोरांना मात्र हातमोजे मिळत नसत. डॉक्टर व्हायचंय ना, मग घाण कसली, असं ते म्हणत.

क्लासची एक रीत होती. शनिवारी परीक्षा, रविवारी आठ वाजता भिंतीवर नंबरांची यादी, आणि त्या नंबराने बसायचं. ताटल्यांवरसुद्धा लाल रंगाने नंबर टाकलेले. सगळ्यात मोठं हृदय पहिल्या नंबरच्या ताटलीत, मग उतरत्या क्रमाने बाकीची. पालकांच्या बैठकीत सर ही रीत छाती फुगवून सांगत. आणि जानेवारी लागला की जो पहिला असेल त्या एकट्याला सर आपल्या घरी ठेवून घेत, पहाटे उठवून स्वतः शिकवत. गेली दोन वर्षं त्या घरातून गेलेलं पोर सरळ मेडिकलला लागलं होतं. आता डिसेंबर संपत आला होता.

"म्हणजे तुम्ही पोरांना शिकवत नाही, झुंजवता," नीलम्मा क्लासवर जाऊन सरांना म्हणाल्या.

सर दुखावले. स्पर्धेशिवाय माणूस घडत नाही वगैरे बोलले. पुनमच्या मरणाने क्लासचं नाव जाईल ही धास्ती त्यांच्या प्रत्येक वाक्यात होती. पोर गेल्याचं दुःखही असेल, पण ते रुमालामागे राहिलं. नीलम्मांनी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. यादी तुमच्याखेरीज आधी कोणी पाहिली होती का? कोणीच नाही, सर म्हणाले. पेपर त्यांनी रविवारी पहाटे घरी तपासले आणि आठला स्वतःच्या हाताने यादी चिकटवली. पुनम पहिली आलेली बघून त्यांना स्वतःलाही नवल वाटलं होतं. आणि ताटल्या कोण भरतो? भुजंग, शिपाई.

भुजंग हदगावकडचा, बोलायला मोकळा आणि भलता घाबरलेला. चांदपाशा दिवस उगवायच्या आधी बादली आणून अंगणात नळापाशी ठेवतो, त्याने सांगितलं. वर ओलं पोतं. अंगणाला दार आहे, पण ते उघडंच असतं, कारण गावोगावचे आईबाप पहिल्या गाडीने डबे घेऊन येतात. त्या दिवशीही बादली ठेवल्यावर तो शेड झाडायला आत गेला. तासाभराने येऊन त्याने ताटल्या भरल्या. तेव्हा यादी लागायची होती.

"सगळी नीट पुरली?"

"उलट एक उरलं, मॅडम. मला वाटलं चांदपाशाभाईनं माझ्यासाठी टाकलं. मी घरी नेऊन भाजून खाल्लं. मला काय झालं न्हाई."

"आणि पहिल्या ताटलीतलं कसं होतं?"

भुजंगने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. एवढं मोठं त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याने खूश होऊन ते पहिल्या नंबरला ठेवलं. पण प्रॅक्टिकल झाल्यावर त्याने ती ताटली धुवायला घेतली तेव्हा त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या. बाकीच्या ताटल्या नुसत्या पाण्याने निघाल्या. त्या एकीतून काळं, डांबरासारखं रक्त सुटत राहिलं.

नीलम्मा उठल्या. फौजदारांना म्हणाल्या की दुकान तपासायची गरज उरलेली नाही. मग नासक्या मटणाचं लिहून कधी देणार, फौजदारांनी विचारलं, आणि बाई एवढ्या जोरात हसल्या की बाहेर उभी असलेली पोरं गप्प झाली.

३

ठाण्याच्या एका खोलीत किशनराव बसला होता, पुनमचा बाप. कोरेवाडीचा कोरडवाहू शेतकरी, पाच-सहा मेंढरं, पांढरं धोतर, चार दिवसांची दाढी. भूकंपात त्याची बायको आणि मोठा मुलगा एकाच भिंतीखाली गेले. मुलगा तेव्हा बारावीत होता आणि त्याला डॉक्टर व्हायचं होतं. उरली पुनम. बापाने भावाच्या पुस्तकांवरची माती झटकली आणि ती पुस्तकं तिच्या हातात दिली. हे सगळं त्याने नीलम्माबाईंना स्वतःहून सांगितलं, खाली बघत, सपाट आवाजात.

"तुम्ही रविवारी क्लासवर आला होतात का?"

"म्या मंगळवारी येतो, बाई. डबा घेऊन."

"मग खाटकानं मुद्दाम दिलं, असं का वाटतं?"

किशनरावने मान वर केली. डोळे कोरडे होते.

"त्याला आपल्या पोराचा पयला नंबर पायजे व्हता. बापाला दुसरं काय पायजे असतंय? मधी कोन आलं तर बाप काय बी करंल."

फौजदारांनी मान डोलावली आणि ते वाक्य टिपून घेतलं. नीलम्माही ते विसरल्या नाहीत.

बाकावर चांदपाशा होता. त्याची बायको जोहरा फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला बसून होती. कोणी तिच्या अंगावर थुंकून गेलं होतं आणि तिने पदर बदलला नव्हता. चांदपाशाने बाईंना बघताच उठून सलाम केला. दुकानात बकरे कोणते कापतो, असं त्यांनी विचारलं. कोवळे, तो म्हणाला, म्हातारा माल लातुरात चालत नाही. मेंढा? मेंढा तो कापत नाही, वास येतो म्हणून गिऱ्हाईक परत करतं. रविवारी एखादं हृदय जास्त टाकलं का? उलट वीस गोळा करतानाच जीव मेटाकुटीला आला, जास्तीचं कुठून टाकणार.

एवढं बोलून त्याने आवाज खाली आणला.

"फौजदारसाबाला सांगा मॅडम, माझं नाव लिहून घ्या. म्या दिलं म्हना. पन यासेरचं नाव त्यात नको. एकदा लिहिलं का पोराची परीक्षा गेली, जिंदगी गेली."

"तू दिलं नाहीस."

"न्हाई दिलं. पन लोकास्नी कोन तरी पायजेच ना."

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकलेलं असतं सगळ्यांनी, पण संन्याशानेच सुळी मागून घ्यावी, हे नीलम्मांनी पहिल्यांदा पाहिलं. त्या चिडल्या. चिडल्या की त्या कमी बोलत.

यासेर सतरा वर्षांचा, काटकुळा, चष्मेवाला. त्याला पुनमचा राग आला होता का? आला होता, तो म्हणाला. यादी लागली ती त्याने दोनदा वाचली. पुनम नाचतच होती. तिने त्याला हाताला धरून दुसऱ्या ताटलीवर नेऊन बसवलं आणि म्हणाली, आज तुझी ताटली माझी. ती घरी कळवणार होती का? कळवायचं कसं, गावात फोन नव्हता. मंगळवारी अण्णा आले की त्यांना सांगते, तोवर कोणाला बोलू नको, अण्णांचं तोंड मला बघायचंय, असं ती म्हणाली होती.

एवढं सांगून यासेरने चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसत बसला. काचा पुसून झाल्या तरी तो पुसतच राहिला.

४

पुनमला जिथे ठेवलं होतं त्या खाजगी दवाखान्याचे डॉक्टर नीलम्मांना भेटायला तयार नव्हते. जनावरांच्या डॉक्टरणीने माणसांच्या डॉक्टरला प्रश्न विचारायचे म्हणजे काय? तूबा नावाची नर्स मात्र बोलली. ती चार दिवस त्या मुलीच्या उशाशी होती आणि तिला कोणाला तरी सांगायचंच होतं.

बोटावरचा फोड कसा होता? मध्ये काळीशार खपली, तूबा म्हणाली, भोवती पाण्याच्या बारीक फोडांचं कडं. हात एवढा सुजलेला, आणि नवल असं की फोड दुखत नव्हता. डॉक्टरांना वाटलं साधं गळू. त्यांनी ते कापलं. कापल्यावर जास्तच चढलं.

नीलम्मांनी फोड ओळखला. असा फोड त्यांनी पुस्तकात नव्हे, माणसांच्या हातांवर पाहिला होता. धनगरांच्या, कातडी सोलणाऱ्यांच्या. त्याला काळपुळी म्हणतात. मेंढरांना, ढोरांना हाच रोग होतो तेव्हा त्याला फाशी म्हणतात. जनावर उभ्या उभ्या पडतं आणि त्याचं रक्त काळं पडून गोठायचं विसरतं. तसलं जनावर सोलायचंही नसतं, अख्खंच्या अख्खं चुना टाकून पुरायचं, हे खेड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्याने त्याला हात लावला, त्याला काळपुळी होते. वेळेवर इंजेक्शन दिलं की बहुतेक माणूस वाचतो.

त्यांनी आधी फौजदारांना चिठ्ठी पाठवून क्लासच्या सगळ्या पोरांना आणि भुजंगला आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. मग परत तूबाकडे वळल्या.

"बाप होता सोबत?"

"होता ना. भला माणूस. मंगळवारपासून जागचा हलला नाही." तूबाने दार लोटून घेतलं. "एक गोष्ट मला विचित्र वाटली, मॅडम. ते सारखे विचारायचे, पेनिसिलीन का देत न्हाईत. खेड्यातला माणूस, औषधाचं नाव घेऊन मागायचा. डॉक्टर चिडले. म्हणाले, मला शिकवू नका. मग बुधवारी त्यांच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, त्यांनी विचारलं, का हो, मुलीनं आजारी जनावराला हात-बीत लावला होता का? गावात मेंढरं मेलीत का?"

"मग?"

"बाप म्हणाला, न्हाई."

नीलम्मा उठल्या. मग त्यांनी दवाखान्याच्या फोनवरून आपल्या कंपाउंडरला मोटारसायकल काढायला सांगितलं. गेल्या महिन्याभरात लातूर जिल्ह्यात फाशीने जनावरं मेल्याची खबर एकाच गावाहून आली होती. लस टोचायला आणि मेलेली मेंढरं पुरायला त्या स्वतः तिथे गेल्या होत्या आणि ज्या मेंढरांना ताप भरला होता त्यांना पेनिसिलीन टोचलं होतं, साऱ्या गावासमोर, औषधाचं नाव मोठ्याने सांगून.

ते गाव कोरेवाडी होतं.

५

दुपारी नीलम्मांनी सगळ्यांना क्लासच्या शेडमध्ये बोलावलं. वीरण्णा सर छडी विसरून आले होते, त्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. भुजंग दंड चोळत बसला होता. त्याला इंजेक्शन जोरात लागलं होतं. चांदपाशा आणि यासेर एका बाकावर, त्यांच्यासमोर किशनराव. फौजदार भोसगे दारात उभे राहिले. बाहेर लोक जमले होते आणि चांदपाशाला बेड्या घालून कधी नेतात याची वाट बघत होते.

"पहिल्या ताटलीतलं हृदय चांदपाशाच्या दुकानातलं नव्हतं," नीलम्मांनी सुरुवात केली.

त्या जशा गोठ्यात बोलत तशाच बोलल्या, एकेक गोष्ट दावणीला बांधत. चांदपाशा जनावर हलाल करतो, म्हणजे रक्त पुरतं वाहून जातं. त्याच्या एकोणीस ताटल्या पाण्याने निघाल्या त्या म्हणूनच. पहिल्या नंबरच्या ताटलीत काळं रक्त होतं, म्हणजे ते जनावर सुरीखाली मेलं नव्हतं, आपोआप मेलं होतं. ते हृदय ओंजळभर होतं, म्हणजे कोवळ्या बकऱ्याचं नव्हतं, थोराड मेंढ्याचं होतं. चांदपाशाने वीस दिली आणि बादलीत निघाली एकवीस. अंगण उघडं, बादली नळापाशी. कोणी तरी येऊन वरचं पोतं उचललं आणि एक हृदय आत टाकून गेला. त्याला ताटलीपर्यंत जायचीसुद्धा गरज नव्हती. सगळ्यात मोठं हृदय पहिल्या नंबरला जातं हे सरांनी सगळ्या आईबापांना सांगून ठेवलं होतं. बाकीचं काम भुजंगने केलं.

भुजंग रडायला लागला. "मी काय करून राहिलो, मला काय म्हाईत," असं काहीसं तो म्हणाला. फौजदारांनी त्याला गप्प केलं.

"पण मॅडम," फौजदार म्हणाले, "बादली चांदपाशानंच आणली. बाहेरचं एखादं हृदय त्यानंच घालून आणलं नसेल कशावरून? पोरीनं त्याच्या पोराला मागं टाकलं होतं."

"कधी टाकलं? आठ वाजता. बादली आली दिवस उगवायच्या आधी. त्या वेळी या अख्ख्या लातुरात पुनम पहिली आलीय हे सरांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. चांदपाशाच्या हिशेबानं पहिल्या ताटलीवर कोण बसणार होतं?"

सगळ्यांची मान यासेरकडे वळली. चांदपाशाची सगळ्यात शेवटी वळली, कारण त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने मुलाचा हात पकडला.

"ते हृदय पुनमसाठी नव्हतंच," नीलम्मा म्हणाल्या. "यासेरसाठी होतं. ज्यानं टाकलं त्याला वाटत होतं की आजही यासेरच पहिला आहे. यासेर आजारी पडला की जानेवारीत सरांच्या घरी दुसरा नंबर जाणार. गेल्या शनिवारपर्यंत दुसरा नंबर कोणाचा होता, सर?"

सरांनी रुमाल नाकावरून खाली घेतला. "पुनमचा," ते म्हणाले.

नीलम्मा किशनरावकडे वळल्या. "सकाळी तुम्ही मला सांगितलंत, बाप आपल्या पोराच्या नंबरासाठी काय बी करंल. खरं बोललात. फक्त माणूस दुसरा दाखवलात." मग त्यांनी राहिलेलं सांगितलं. त्यांचा कंपाउंडर कोरेवाडीला जाऊन आला होता. गावाने मेलेली मेंढरं त्यांच्या देखत खड्ड्यात पुरली होती. किशनरावचा मेंढा त्यानंतर दोन दिवसांनी, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मेला, आणि तो मात्र खड्ड्यावर आलाच नाही. आपल्याच शेतात पुरला, असं त्याने लोकांना सांगितलं होतं आणि रविवारी पहिल्याच गाडीने तो लातूरला गेला होता.

बाहेरच्या लोकांपर्यंत बातमी जात होती आणि दाराशी गलका वाढत होता. किशनराव हलला नाही. आपण काही केलंच नाही, असंही तो म्हणाला नाही. गावातल्या एका म्हाताऱ्याला मागे काळपुळी झाली होती, महिनाभर पडून तो बरा झाला होता, असं त्याने सांगितलं. त्याला वाटलं, पोरगं महिनाभर पडेल. मारायचं मनात नव्हतं. परक्याच्या पोराला महिनाभर झोपवायचं एवढंच होतं, असं तो पुन्हा म्हणाला, जणू त्यात काही सवलत मिळणार होती.

"मंगळवारी पुनमनं सांगितलं तुम्हांला?" नीलम्मांनी विचारलं.

"सांगितलं. हासत व्हती. म्हनली, अण्णा, पयली ताटली माझी."

"बोटावर फोड होता तेव्हा?"

"व्हता."

"ओळखलात?"

"बघितल्या बघितल्या."

"डॉक्टरांनी बुधवारी तोंडानं विचारलं, गावात मेंढरं मेलीत का. हो म्हणाला असतात तर तासाभरात औषध लागलं असतं. आज ती पोर अंथरुणात बसून अभ्यास करत असती. तुम्ही न्हाई म्हणालात."

किशनरावने पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत बघितलं.

"ती जागी व्हती, बाई. माझा हात धरून पडली व्हती. तिच्या देखत कसं सांगू?"

नीलम्मांच्या मनात कधी नव्हे ती दया आली आणि तिचाच त्यांना संताप आला. त्यांनी ती बाजूला सारली. "गुरुवारी ती शुद्धीवर नव्हती," त्या म्हणाल्या. "तेव्हा सांगायचं."

पत्र्याखाली उकडत होतं. फौजदारांनी पेन काढलं होतं, पण ते लिहीत नव्हते. किशनराव आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत राहिला.

"तवा वाटलं," तो म्हणाला, "उठली, तर कळंल तिला."

चांदपाशाने बसल्या जागी वळून यासेरच्या दोन्ही कानांवर हात ठेवले. पोरगं सतरा वर्षांचं होतं आणि त्याचं सगळं ऐकून झालं होतं, तरी बापाने हात काढले नाहीत.